दुसरं कडवं

ता. ११ फेब्रुवारी, बुधवार. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. स्टोव्हवर कागद चिकटवायची खळ शिजत ठेवली आहे.

ताई, नमस्कार.

खळ शिजायला बारा मिनिटं लागतात. तेवढ्यात जमेल तितकं लिहितो. मधेच ढवळायला उठावं लागेल, म्हणून वाक्यं तुटक वाटली तर तो राग समजू नकोस. राग वेगळा आहे, तो पुढे येईल.

आतापर्यंत मी तुला तीन पत्रं पाठवली. तिन्हींचं मिळून तुझं एक पोस्टकार्ड आलं. सात ओळी, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका, आणि मागे कारंज्याचं चित्र. आईने ते भिंतीला चिकटवलंय. चित्र आपल्याकडे, मजकूर भिंतीकडे. मजकुराची तीच लायकी होती.

तुझा कोट खुंटीवर आहे. अठरा ऑक्टोबरला, सरहद्दीजवळच्या त्या स्टेशनावर, "हा धर, पाणी पिऊन येते" म्हणून तू तो माझ्या हातात दिलास. गाडी सात मिनिटं थांबली. सुटली तेव्हा मी कोट घेऊन गार्डच्या डब्यापर्यंत पळालो आणि म्हणालो, "साहेब, बहीण पाणी प्यायला उतरलीय, येईलच इतक्यात." गार्डने कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शाळेत सातवीला नापास झालो तेव्हा गुरुजींनी असंच पाहिलं होतं. दर सोमवारी चौकीत सही करायला जातो, तिथेही मी तेच वाक्य सांगतो. तेही तसंच बघतात. तेवढ्या थंडीत बिनकोटाची गेलीस, आणि तेही मला शंका येऊ नये एवढ्यासाठी. आधी सांगितलं असतंस तर मी काय गार्डकडे पळालो असतो?

(पळालो असतो कदाचित. तरीही.)

खळ ढवळून आलो.

आता मुद्दा. तू गेलीस तेव्हा दाजींना नेऊन महिनाही झाला नव्हता. तुझं म्हणणं होतं की बाहेर जाऊन आवाज केला तरच ते सुटतील. माझं म्हणणं होतं की गप्प बसलो तर सुटतील. आपण त्यावर भांडलो, भांड्यांचा आवाज करून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. तू जिंकलीस, कारण तू उतरलीस आणि मी गाडीत राहिलो. पण तुझा नवरा आत आहे, तिकीट माझ्या खिशात आहे, आणि पार्सल घेऊन दर शुक्रवारी तुरुंगाच्या खिडकीशी मी उभा राहतो. तेव्हा थोडं माझंही ऐक.

दहा एप्रिलला आदरणीय थोरल्यांचा वाढदिवस. त्या दिवशी सुटकेची यादी निघते. चौकीतल्या साहेबांनी मला नीट बसवून सांगितलं की यादी करताना घरच्यांची वागणूक बघतात. घरचे म्हणजे आई, मी आणि तू. आई वागतेय. मी वागतोय. उरलं कोण ते तूच मोज.

तू तिथल्या रेडिओवर दाजींचं ते गाणं गातेस असं ऐकलं. म्हणजे मी ऐकलेलं नाही, आमच्याकडे रेडिओवर ते स्टेशन लागत नाही. ज्यांच्याकडे लागत नाही अशाच बऱ्याच लोकांनी सांगितलं. दहा एप्रिलपर्यंत गाऊ नकोस. साठ दिवसही नाहीत. आणि गायलीसच तर निदान पूर्ण गायचं होतंस! पहिलं कडवं गातेस आणि थांबतेस म्हणे, वेळ कमी असतो म्हणून. दाजींनी दुसऱ्या कडव्यासाठी अकरा दिवस घेतले होते. त्याची वीस चिठोरी मी उतरवलीत. वेळ कमी!

कंपनीच्या मालकांनी मार्चमध्ये दाजींचं नाटक पुन्हा लावायचं ठरवलंय. तुझ्या जागी मालकांची भाची. परवानगी कचेरीचा हुकूम काल आला, तो जसाच्या तसा देतो, फक्त शुद्धलेखन सुधारून: "तिसऱ्या अंकातील गीत क्रमांक नऊचे शब्द पूर्णपणे गाळण्यात यावेत. इतर मजकुरात कोणताही फेरफार करू नये." म्हणजे नेमकं तेच गाणं. तुझी कृपा.

त्यामुळे सगळ्यांच्या नकला मला नव्याने कराव्या लागणार. हा कारकून करतो तरी काय, असं तू नेहमी विचारायचीस ना? प्रत्येक नटाला त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे दोन शब्द, प्रत्येक वादकाला त्याचे स्वतःचे सूर, एवढंच लिहून द्यायचं. अख्खं नाटक कोणाच्याच हातात नसतं. ते फक्त माझ्याकडे असतं, आणि एक शिक्क्याची प्रत परवानगी कचेरीकडे. सत्तावीस नकला. म्हणून खळ.

शिजली. थांबतो.

तुझा भाऊ

ता. क. हे पाकीट फोडून वाचणाऱ्यांना विनंती: मागच्या वेळी परत चिकटवताना डिंक फार झाला, त्याने आतली दोन पानं एकमेकांना चिकटली, असं ताईने कार्डात कळवलंय. थोडा पुरतो.


ता. २७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं. तुरुंगाच्या खिडकीसमोरच्या बाकावर, पावतीची वाट बघत. नंबर एकेचाळीस, सध्या चौतीस चालू आहे.

ताई,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पोस्टकार्ड नाही, पाकीट, प्रगती आहे. "गप्पच बसायचं असतं तर मी कोट घेऊन गाडीत बसून राहिले नसते का?" हे वाक्य चांगलं आहे, त्यात चूकही नाही. पण तुला टाळ्या तिथे मिळतात आणि टोमणे इथे मला मिळतात. परवा दूधवाला म्हणाला, "काय हो, ताईंचा आवाज काय लागलाय सध्या!" मी म्हटलं, "कुठे ऐकलात?" तो म्हणाला, "कुठे नाही बुवा," आणि दूध कमी घालून गेला.

इथली पद्धत तुला माहीत नाही, कारण तुझ्यावर कधी वेळ आली नाही. पार्सल आणि आतल्या वस्तूंची यादी खिडकीत द्यायची. तासा-दीड तासाने यादी परत येते. तिच्यावर 'सर्व वस्तू मिळाल्या' असा शिक्का आणि खाली आतल्या माणसाची सही. ती पावती. पावती मिळाली की बाकावरच्या बायका ती छातीशी धरतात आणि निघतात. इथे कोणी कोणाशी बोलत नाही, पण कोणाची पावती येत नाही ते सगळ्यांना कळतं.

आज पाठवलं: साबणाची वडी, पाव किलो साखर, मोज्यांचा जोड. मोजे आई विणते, तुझा हिरवा स्वेटर उसवून. तुला विचारायला हवं होतं, पण तू पाणी प्यायला गेली होतीस.

नाटकाचं. मास्तरांचा पाय सुजलाय, चाल बसवायची सोडून ते पाय उशीवर ठेवून बसतात. तिसऱ्या अंकाची तालीम घ्यायला ते तयार नाहीत. म्हणतात, "तीनशे प्रयोग झालेत, वादकांना झोपेत येतो तो अंक. दुसऱ्यातला नाच बघा." वरच्या लोकांना नाच आवडतो, म्हणून तर हे नाटक जिवंत आहे. भाची वाईट नाही. वरचा सूर लागत नाही, पण सांगितलेलं ऐकते. तुझ्यानंतर मला त्याचंच अप्रूप. काल तिची नक्कल घेऊन आली.

"शेवटच्या पानावर नुसतं 'ती खिडकीपाशी उभी राहते' एवढंच आहे."

"हो. शब्द गाळलेत."

"मग मी काय करू?"

"उभ्या राहा."

"किती वेळ?"

"पडदा पडेपर्यंत."

"बरं," म्हणाली आणि गेली. बघ, अशी माणसंही असतात.

एकेचाळीस पुकारला. आलो.

पावती आली. शिक्का आहे, सही आहे. बाकी ठीक. आता ट्रामला गर्दी होईल.

गाऊ नकोस. बेचाळीस दिवस राहिलेत.

तुझा भाऊ

ता. क. डिंक या वेळी बेताचा होता. आभार.


ता. १६ मार्च, सोमवार. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. चौकीतून नुकताच आलो, बूट अजून काढलेले नाहीत.

ताई,

मी काहीही केलेलं नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण तुझ्यापर्यंत भलतंच पोहोचेल. जे झालं ते चुकीने झालं, आणि चूक माझीसुद्धा नाही, हुकमाची आहे.

शनिवारी पहिला प्रयोग. थिएटर भरलेलं. पहिल्या रांगेत परवानगी कचेरीचे निरीक्षक, मांडीवर शिक्क्याची प्रत, हातात छोटा दिवा. मी नेहमीसारखा डाव्या विंगेत स्टुलावर, पुढ्यात पूर्ण पोथी. पहिला अंक बरा. दुसऱ्यात नाच. तिसऱ्याच्या शेवटी भाची खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी पडद्याच्या दोरीवाल्याकडे बघितलं. आणि वादकांनी नऊ नंबर वाजवायला सुरुवात केली.

मी पोथी चाळली. मग कळलं. हुकूम होता शब्द गाळा, इतर काही बदलू नका. शब्द होते भाचीच्या नकलेत, ते मी गाळले. वादकांच्या नकलांत शब्द नसतातच! तिथे गाळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्या मी जशाच्या तशा उतरवल्या. वादकांना वाटलं भाची गाणार. भाचीला वाटलं वादक थांबणार. तालीम झाली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, पण मास्तरांचा पाय! आणि दोरीवाल्याच्या नकलेत 'नऊ नंबर संपल्यावर पडदा' असं तीन वर्षं लिहिलेलं आहे, तेही मी बदललं नाही. कोणी सांगितलं होतं बदलायला?

नऊ नंबर दोन मिनिटं चाळीस सेकंद चालतो. गाणारी उभी आहे, वाद्यं वाजतायत, आणि शब्द नाहीत. भाचीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हाताने सांगितलं, उभ्या राहा. ती उभी राहिली. आधी भेदरून, मग नुसतीच. निरीक्षकांनी दिवा पानावर धरला, पान उलटलं, परत उलटलं. प्रतीत शब्द नव्हते आणि रंगमंचावरही शब्द नव्हते. अगदी बरहुकूम.

मग वरच्या गॅलरीतून कोणीतरी गुणगुणायला लागलं. तोंड मिटून. मग खालचे. दुसरं कडवं यायच्या आत अर्धं थिएटर तोंड मिटून गुणगुणत होतं. आठशे खुर्च्या आहेत, तुला माहीत आहे. जमिनीतून यावा तसा आवाज. माझं स्टूल थरथरत होतं.

पडदा पडल्यावर मालक आले ते दोन्ही हात डोक्याला लावूनच. "कारकुना, काय केलंस हे?" मी हुकूम दाखवला. त्यांनी तीन वेळा वाचला, खाली बसले, आणि हळूच म्हणाले, "रविवारची तिकिटं संपली का रे?" निरीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'प्रयोग मंजूर प्रतीप्रमाणे झाला.' दुसरं काय लिहिणार? शिक्का त्यांचाच होता.

आता लोकांचं बघ. तिकीट खिडकीवरचा माझ्याकडे बघून डोळा मारतो. रंगभूषावाल्याने मला फुकट दाढी करून दिली. मास्तर सुजलेला पाय टाकत आले, माझा हात हातात घेतला आणि परत गेले. अरे, पण मी काही केलेलं नाही! मला जे लिहून दिलं तेवढंच मी उतरवलं. कोणाला पटतच नाही. आईलासुद्धा नाही. ती म्हणते, "हळू बोल, मी कुठे विचारतेय?"

पुढचा प्रयोग रविवारी बावीसला, दुपारी चारचा. मालकांनी दुरुस्ती करायला सांगितलंय. "दुरुस्त कर. पण सावकाश कर." ते सोड. शुक्रवारपर्यंत मी वादकांच्या नकलांत त्या पानांवर कोरे कागद चिकटवून टाकतो. दहा एप्रिलला पंचवीस दिवस उरलेत आणि मला कोणाच्या डोळ्यांत यायचं नाही. तूही येऊ नकोस.

तुझा भाऊ


ता. २३ मार्च, सोमवार. पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटं. मोजे घालत होतो, एकच घालून झालाय.

ताई,

हे पत्र पोस्टाने जाणार नाही, त्यामुळे ते फोडणाऱ्यांना उद्देशून काही लिहायचं नाही. किती मोकळं वाटतंय. मोठं व्हायोलिन वाजवणारे आपले काका साठीचे झाले. साठीनंतर माणसाला देश सोडायला परवानगी मिळते, कारण मग त्याचं पेन्शन द्यावं लागत नाही. त्यांची गाडी सातची आहे. पत्र व्हायोलिनच्या पोटात, कोट त्याच्या पेटीत. कोट धुऊन घेतलाय. या वेळी घाल.

क्रमाने सांगतो, नाहीतर घोटाळा होईल.

दाजींचं अक्षर. सहा वर्षं मी ते उतरवलं. डाव्या हाताने, उतरत्या ओळीत, मुंग्यांना पळायला सांगितल्यासारखं. त्यांचं त्यांना लागायचं नाही. "कारकुना, इथे मी काय म्हटलंय बघ रे," म्हणून मलाच विचारायचे. सही तर नुसती रेघ. एकदा बँकेने परत पाठवली होती, तू हसून लोळली होतीस.

माझ्याकडे सव्वीस पावत्या आहेत. पहिल्या अकरांवर तीच रेघ आहे. बारावी पावती बारा डिसेंबरची. तिच्यावरची सही मला वाचता आली. पूर्ण नाव, उभं, गोल, शाळेतल्या फळ्यावर असावं तसं.

मी स्वतःला सांगितलं, आत नीट लिहायला लावत असतील. मग सांगितलं, हात दुखत असेल, उजव्याने करत असतील. तेराव्या पावतीला तेच सांगितलं, चौदाव्यालाही. तुला 'गाऊ नकोस, दिवस मोज' असं लिहीत राहिलो, कारण दिवस मोजत होतो तोवर मोजायला कोणीतरी होतं. सत्तावीस फेब्रुवारीला त्या बाकावरून मी तुला 'सही आहे' एवढंच लिहिलं. खोटं लिहिलं नाही. पण लिहायचं तेही लिहिलं नाही.

परवाच्या शुक्रवारी मी एक गोष्ट केली. यादीत लिहिलं: साबण, साखर, मोजे, पेन्सिल. पेन्सिल पार्सलात घातली नाही. दाजींना जेवण नसलं तर चालायचं, पेन्सिल नसली तर घर डोक्यावर घ्यायचे. त्यांनी बोंब मारली असती, यादीवर खाडाखोड केली असती, निदान सही करायला नकार दिला असता. दीड तासाने पावती आली. 'सर्व वस्तू मिळाल्या.' खाली ते गोल नाव.

मी खिडकीपाशी परत गेलो. मला माहीत आहे, मी असं कधी करत नाही.

"साहेब, ही सही कोणाची?"

"त्यांचीच. वाचता येत नाही का?"

"येते ना. तेच म्हणतोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्याएवढाच असेल वयाने. बोटांना शाई लागलेली, माझ्यासारखीच. मला वाटतं ती सही त्याचीच होती. पंधरा आठवडे बिचारा नीट अक्षरात काढत होता. मग मान खाली घालून म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी आणू नका." आणि फळी ओढून घेतली.

आता हे नीट वाच. हे लिहायला मी एवढ्या पहाटे उठलोय. तू रेडिओवर पहिल्यांदा गायलीस ती तारीख सात जानेवारी. (हो, ऐकलं. रेडिओला उशी लावून, दरवेळी ऐकलं.) सही बदलली बारा डिसेंबरला. मी तारखा दोनदा तपासल्या, पावत्या समोर मांडून. तू गायलीस म्हणून नाही, ताई. तू तोंड उघडायच्या आधीच झालं होतं. तुझं-माझं भांडण, आवाज करायचा की गप्प बसायचं, ते दोघांचंही हुकलं. मी तुला तीन महिने उगाच रागावलो. यापुढे कोणी तुला ते बोललं, किंवा तूच स्वतःला बोललीस, तर या दोन तारखा दाखव.

शुक्रवारी घरी येऊन खळ शिजवली. वादकांच्या नकला पुढ्यात घेतल्या, कोरे कागद कापून ठेवले. मग बसून राहिलो. खळ थंड झाली, तिच्यावर साय धरली. चिकटवलं नाही. पहिल्या प्रयोगाला चूक झाली होती, हे अजूनही खरं आहे. कोणी काही म्हणो, मी शूर वगैरे नाही. दुसऱ्या प्रयोगाला चूक नव्हती.

काल दुपारी चारचा प्रयोग. लोक पायऱ्यांवर बसले होते. पहिल्या रांगेत भिंग. (निरीक्षकांचं खरं नाव आम्हा सगळ्यांत हेच आहे, चष्म्यामुळे. इतके दिवस लिहिता आलं नाही.) नऊ नंबर सुरू झाला आणि या वेळी कोणी गुणगुणलं नाही. गायले. शब्दांसकट, आठशे लोक:

दार मी लावलं नाही, दिवा मी मालवला नाही,
तू गेलास त्या सकाळची चादर मी झाडली नाही.

भिंग उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. आणि दुसऱ्या कडव्यापाशी सगळे अडकले! कारण दुसरं कडवं कोणाला येतच नव्हतं. तीन वर्षं नाटक बघून जे येत होतं ते तुझ्या रेडिओने पुसलं. पहिल्यावर थांबायची सवय लावलीस तू लोकांना. वाद्यं चालू आणि आठशे माणसं तोंडं उघडी टाकून बसलेली. भाची खिडकीपाशी, तिलाही येईना.

ताई, मी प्रॉम्प्टर आहे. कोणी अडकलं की माझं तोंड आपोआप उघडतं, झोपेतसुद्धा. मी ओळ दिली. जरा मोठ्याने दिली, कारण माणसं जास्त होती:

तुझा पेला धुतला नाही, तुझी खुर्ची हलवली नाही,

लोकांनी उचलली. इथपर्यंत सवयीने झालं, हे मी आज कचेरीतही सांगणार आहे आणि ते खरं आहे. पण पुढची ओळ मी स्टुलावरून उठून, विंगेतून दोन पावलं बाहेर येऊन दिली. ती सवयीने नाही:

तू येणार नाहीस, हे मी अजून घराला सांगितलं नाही.

पहिल्यांदाच मला समजलं की दाजींना त्या ओळीला अकरा दिवस का लागले.

पडदा पडला. भिंग विंगेत आले, माझं नाव-गाव सगळं माहीत असून परत विचारलं आणि म्हणाले, "सोमवारी नऊला." मी म्हटलं, "सोमवारी मी येतोच." ते म्हणाले, "चौकीत नव्हे. कचेरीत. थोडे कपडे घेऊन या." नाटक बंद. मालक कोपऱ्यात बसून रडत होते. गल्ल्यासाठी की कशासाठी, मी विचारलं नाही.

घरी येऊन आईला सांगायचं होतं. टेबलाशी बसलो, तोंड उघडलं, आणि मलाच पुढची ओळ आठवेना. आई विणत होती. वर न बघता म्हणाली, "पाय पुढे कर." मी केला. तिने अर्धा मोजा माझ्या तळव्याला लावून पाहिला.

"दाजींचा पाय मोठा आहे, आई."

"डिसेंबरपासून तुझ्याच मापाचे विणतेय. आत ज्याला मिळतील त्याला बसावेत. त्यांच्या मापाचे कोणाला झाले असते?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच. पावती आणून आधी मला दाखवायचास. डिसेंबरपासून थेट डब्यात ठेवायला लागलास."

मग ती उठली, भिंतीवरचं कारंजं काढलं, उलटं केलं आणि तुझ्या सात ओळी वाचल्या. म्हणाली, "हिला दीर्घ वेलांटी कधीच आली नाही." आणि मग रडली.

तर आज त्यातला जोड माझ्या पायात आहे. दुसराही घातला आता. मावशी दुपारी आईकडे राहायला येईल. किती दिवस लागतील माहीत नाही. माझ्या पावत्या आल्या तर आईला सांग, सही बघत जा: माझं अक्षर कोणालाही वाचता येतं, पण मी सहीखाली दोन टिंबं देतो, एक मोठं एक छोटं. नसतील तर मी नाही.

काकांची गाडी चुकेल. हिशोब लावून संपवतो; अर्धवट ठेवून जायला मला जमत नाही.

खर्च, १२ डिसेंबरपासून, पार्सलं पंधरा:
साबण, १५ वड्या: ४५
साखर: ६०
लोकर: तुझ्या स्वेटरची, खर्च नाही
कागद, सुतळी: १५
ट्राम, जाऊन येऊन: ३०
पेन्सिल, एक: २ (घातली नाही. या पत्रासोबत आहे.)
कोट धुलाई: १२
एकूण: १६४

देणं: मालकांकडून उचल १००. प्रयोग बंद, तेव्हा ती फिटेपर्यंत माझ्या नावावर.

येणं: तुझ्याकडून कोटाची धुलाई, १२. पैसे पाठवू नकोस. त्याऐवजी रेडिओवाल्यांकडे एक मिनिट वीस सेकंद जास्त माग.